काठी सोडायची नाही

गुलामगिरी मी आठवड्यातून दोनदा संपवते. मंगळवारी शाळेच्या मुलांसाठी, शनिवारी सगळ्यांसाठी. एका फेरीला पाऊण तास लागतो. गटात कोणी पुणेकर असले तर तास. ते प्रश्न विचारायला नाही, उत्तरं द्यायला येतात.

काम काय ते आधी सांगते. इथे कतारला, जुन्या दोहा शहरात, मधे अंगण आणि भोवती खोल्या असं एक घर आहे. त्यात आता गुलामगिरीच्या इतिहासाचं संग्रहालय आहे. शाळेतून निवृत्त झाल्यावर मी तिथे माणसं फिरवायला लागले. हौसेनं, बिनपगारी. आमचे हे म्हणतात, "गुलामगिरीविरुद्ध बोलायचं आणि तेही फुकट राबून. बरं जमवलंयस."

हे काम तोंडाचं आहे असं लोकांना वाटतं. ते खरं तर डोळ्यांचं आहे. समोरच्यांच्या पायांकडे बघत राहायचं. माणसाने एका पायावरचं वजन दुसऱ्या पायावर टाकलं की आपलं वाक्य लांबलंय असं समजावं आणि पुढच्या खोलीत जावं. भिंतीवर लिहिलेलं वाचून दाखवायचं नाही, त्यांना वाचता येतं. बेड्या ठेवल्यात त्या खोलीत काहीही बोलायचं नाही. तिथे गप्प राहायला मला वर्ष लागलं. माझ्या घरच्यांना विचाराल तर ते म्हणतील, वर्षात जमलं हेच नवल.

सुरुवातीला मी कशी होते ते आठवलं की आजही पदर तोंडाला लावावा लागतो. पहिल्या फेरीला मी पैठणी नेसून, टाचांचे बूट घालून गेले होते. हातात लाल ठिपका पाडणारी ती बॅटरी. नकाशावर ठिपका फिरवत मी आफ्रिकेचा किनारा दाखवायला लागले, आणि पहिलीतली पंधरा पोरं तो ठिपका पकडायला भिंतीवर तुटून पडली. माणसांनी भरलेली जहाजं राहिली बाजूला, मांजरांची शर्यत सुरू झाली. पुढे गुडघा गेला, टाचा गेल्या, हातात काठी आली. काठीने मला हे काम शिकवलं. कसं, ते सांगतेच.

त्याआधीची मी तर आणखी थोर. इथल्या भारतीय शाळेत मी इतिहास शिकवायचे. गुलामगिरी माझ्याकडे दोन मार्कांत संपायची. एक दयाळू गृहस्थ उठले, पार्लमेंटमध्ये भाषण केलं, कायदा झाला, गुलाम सुटले, घंटा झाली. 'दयाळू' हा शब्द मी मुलांना अधोरेखित करायला लावायचे. त्या गृहस्थांनी भाषण केलं त्याच्या आधी काय झालं आणि नंतर किती वर्षं काहीच झालं नाही, हे मला कोणी विचारलं असतं तर मी त्याला वर्गाबाहेर उभं केलं असतं.

आता मी उलटीकडून सुरू करते. पळून गेलेल्यांपासून. उसाच्या मळ्यांचं एक अख्खं बेट होतं, तिथल्या गुलामांनी मालकांच्या फौजांना समुद्रात परत पाठवलं. सुटून आलेली माणसं गावोगाव उभी राहून पाठीवरचे वळ दाखवायची आणि स्वतःच्या तोंडाने सांगायची. मग इंग्लंडातल्या बायका. त्यांना मत नव्हतं, पार्लमेंटमध्ये पाय ठेवायची सोय नव्हती. पण चहात साखर घालायची की नाही, हे त्यांच्या हातात होतं. साखर गुलामांच्या हातची, म्हणून त्यांनी साखर बंद केली आणि दारोदार जाऊन शेजारणींना कारण सांगितलं. इतकं सगळं झाल्यावर मग ते दयाळू गृहस्थ.

आणि मग आमचा हा समुद्र. इथे गुलाम यायचे ते बरेचसे पूर्व आफ्रिकेतून. खजुराच्या बागांत राबायचे, मोती काढायला बुडायचे. आमच्यातले निम्मे लोक जिथे फ्लॅटची स्वप्नं बघतात त्या बेटाला द पर्ल नाव का आहे, हे मी त्या खोलीत सहज विचारते आणि पायांकडे बघते. कायदा इथे गेल्या शतकाच्या मध्यावर झाला. सुटलेले इथेच राहिले, इथलेच झाले. त्यांची नातवंडं कधीकधी माझ्या गटात असतात.

तसेच एकदा एक म्हातारे गृहस्थ आले. अंगात पांढराशुभ्र थोब, तो अरबी पायघोळ झगा, हातात जपमाळ, वर्ण आबनुसासारखा. हिंदी बोलायचे, सिनेमातून शिकलेलं. मी झेंड्याच्या खांबाची गोष्ट सांगत होते. आखातातल्या काही बंदरांत इंग्रजांच्या कचेरीसमोर झेंड्याचा उंच खांब असायचा. पळालेल्या गुलामाने तिथवर पोचून तो खांब धरला की तो म्हणू शकत असे, मला मोकळं करा. सगळ्यांचं ऐकलं जायचं असं नाही. इंग्रजांना मोत्यांचा व्यापारही हवा होता. काहींना परतही पाठवलं. पण खांब होता.

म्हातारबाबा म्हणाले, "मॅडम, तुम हाथ गलत दिखाता है."

मी हवेत एका हाताने काहीतरी धरल्यासारखं करत होते, बसमध्ये दांडा धरतात तसं.

त्यांनी माझी काठी घेतली, जमिनीवर टेकवली आणि दोन्ही हातांनी धरून कपाळ टेकलं. "मेरा दादी ऐसा पकडा. उधर, दूसरा बंदर में. मालिक का आदमी आया. मारा नहीं, सब लोग देखता था ना. खजूर दिया. बोला, बेटी, तू भूखी है, खा ले." ते हसले. "खजूर लेने को हाथ छोडना पडता है. दादी नहीं छोडा. मरने तक खजूर नहीं खाया मेरा दादी."

काठी माझ्या हातात देत म्हणाले, "यल्ला, चलो, अब ठीक से बताओ."

तेव्हापासून मी ठीक सांगते. काठी टेकवून उभी राहते आणि मुलांना म्हणते, हा खांब. धरा. मग मी खजूर पुढे करते, खोटाखोटा. जो हात पुढे करेल तो हरला. पोरं त्या काठीसाठी भांडतात.

गेल्या हिवाळ्याच्या सुट्टीत मेधाने तिच्या जुळ्या मुलींना, इरा आणि मीराला, माझ्या फेरीला पाठवलं. मेधा माझी विद्यार्थिनी. इथेच शिकली, लग्न होऊन गेली आणि नवऱ्याच्या नोकरीमागे परत इथेच आली. आता तिचं स्वतःचं ऑफिस लुसैलला आणि घर पर्लवर. "टीचर, मला दोन कॉल आहेत, ह्यांना फिरवाल का प्लीज? ग्रेस आहे बरोबर."

ग्रेस म्हणजे त्यांच्या घरी मुलींना सांभाळणारी. मोंबासाजवळच्या एका गावची, तिशीची. मेधाच्या सासूबाई मध्यंतरी बरेच महिने येऊन राहिल्या होत्या, त्यांच्या तालमीत ग्रेस मराठी शिकली. त्या घरात मराठीत प्रश्न विचारला तर मुली इंग्रजीत उत्तर देतात आणि ग्रेस मराठीत. तेही सासूबाईंच्या मराठीत. लिफ्ट बंद पडली की "अगं बाई, झालं कल्याण" म्हणणारी केनियाची मुलगी मी दुसरी पाहिली नाही.

इरा-मीराने काठी धरली, खजूर नाकारला, दोघीही जिंकल्या. ग्रेस मागे स्वेटर आणि पाण्याच्या बाटल्या सांभाळत उभी होती. मुली नळाकडे पळाल्यावर ती जवळ आली.

"आजी, तो खांब आता कुठे आहे?"

"आता खांब नाही गं. आता कायदा आहे. सरकारी ऑफिस आहे, तिथे ऐकून घेतात."

"कधी उघडं असतं?"

"सकाळी."

"सकाळी मुलींचे डबे असतात," ग्रेस म्हणाली.

मग हळूहळू कळलं. तिचं काँट्रॅक्ट दसऱ्यालाच संपलं होतं. गावी बहिणीने बालवाडी बांधत आणली होती, शिकवायला ग्रेस जायची होती. जानेवारी संपताना शाळा उघडणार. इकडे मेधा म्हणाली, दिवाळी होऊ दे. दिवाळी झाली, मग मुलींच्या परीक्षा होऊ देत. परीक्षा झाल्या, तर दुसरी बाई मिळू दे.

"आणि पासपोर्ट?"

"देवघराच्या खालच्या ड्रॉवरमध्ये. आईंच्या पाटल्यांजवळ. मॅडम म्हणते, तिथे सेफ आहे."

"मागितलास?"

"मागितला ना. म्हणते, घाई काय, तू तर आमच्या घरचीच."

मी लगेच पदर खोचला. "चल, मी येते तुझ्याबरोबर तक्रार करायला. आत्ता."

ग्रेसने माझ्याकडे असं बघितलं की जणू मी पहिलीतली आहे. "नको आजी. तिथे तक्रार झाली की मॅडम रडेल, मुली रडतील. मी पळून आले नाही, पळून जाणार नाही. मला दारातून जायचंय. बॅग घेऊन, टाटा करून. पण शाळा उघडायच्या आत."

म्हणजे अट अशी, की पासपोर्ट मिळाला पाहिजे आणि तो मेधाने स्वतःच्या हाताने दिला पाहिजे. ग्रेस गुलाम होती असं मी म्हणणार नाही. गुलाम म्हणजे काय ते मी आठवड्यातून दोनदा सांगते, मला फरक कळतो. पण ज्या माणसाला जाता येत नाही ते माणूस तिथे राहतंय असं म्हणता येत नाही, हेही मला कळतं.

दुसऱ्या दिवशी मी लुसैल गाठलं. मेधाच्या ऑफिसखाली कॉफी पाजली तिने.

"टीचर, ती बोलली तुमच्याशी?" मेधाचा चेहरा पडला. "अहो, तिच्याच भल्यासाठी ठेवलाय. हरवला तर किती धावपळ होईल तिची."

"तुझा कुठे असतो?"

"माझा? माझ्या कपाटात."

"हरवत नाही?"

मेधाने कप खाली ठेवला. "तुम्ही मला गुलामांची मालकीण म्हणताय का टीचर? तिला स्वतंत्र खोली आहे. एसी आहे. शुक्रवारी सुट्टी, पगार वेळेवर. आम्ही खातो ते ती खाते. घरच्यासारखं ठेवलंय आम्ही तिला."

घरच्यासारखं. आमच्या संग्रहालयात हा शब्द भिंतीवर नाही, पण तो प्रत्येक खोलीत आहे. प्रत्येक देशातल्या प्रत्येक मालकाने तो वापरलेला आहे. मी तो मोठ्या ठसक्यात सांगते फेरीत. मेधासमोर मात्र मी कॉफी ढवळत बसले.

"कायद्याने ठेवता येत नाही गं पासपोर्ट," एवढंच म्हणाले.

"सगळेच ठेवतात." तिचे डोळे भरून आले होते. "आणि ती गेली तर मी काय करू, सांगा ना. ऑफिस, दोघींच्या शाळा, आमचे हे महिन्यातले निम्मे दिवस समुद्रात, तेलाच्या रिगवर. दुसरी मिळेपर्यंत थांबा ना, प्लीज. मी तिला वाईट वागवतेय का?"

तिचं खोटं नव्हतं, हीच पंचाईत. दुष्ट माणूस समोर असला की मला सोपं जातं. आणि ह्या मुलीने दहावीत गुलामगिरीच्या प्रश्नाला पैकीच्या पैकी मार्क मिळवलेले होते. 'दयाळू' खाली रेघ मारून.

अल मुंतझाला आमच्या घरी परत येईपर्यंत मी ठरवलं होतं की हार मानायची नाही. आमच्या वरच्या मजल्यावर झुबेदा राहते. मूळची रत्नागिरीकडची. तिच्या मिस्टरांचं इथे सुतारकामाचं दुकान होतं, आता मुलगा बघतो. आमची मैत्री जुनी आणि भांडखोर. तिच्या स्वयंपाकघरात बसून मी तिला साखरेची गोष्ट सांगितली.

"म्हंजे इंग्रजिणींनी चाय फिकी पिऊन गुलाम सोडवले?" स्वतःच्या कपात तिसरा चमचा घालत झुबेदा म्हणाली.

"एकट्या त्यांनी नाही. पण मदत झाली."

"आणि आता आपन मेधाकडं फिकी चाय पिऊन ग्रेसला सोडवायची."

"संक्रांतीचं हळदीकुंकू आहे तिच्याकडे. सगळ्या असतील. कोणी साखरेला शिवायचं नाही. चहा बिनसाखरेचा. तिळगूळ हातात घ्यायचा नाही."

"नलू, डोकं फिरलंय तुझं." झुबेदाने चहाचा घोट घेतला. "कोणाकोणाला फोन करू, सांग."

बायकांना आम्ही एकेकीला फोन करून कारण सांगितलं. काही तयार झाल्या, काही "बघू" म्हणाल्या, एकीने फोन ठेवला. मी सगळ्यांना एकच ताकीद दिली: मेधाच्या घरी कारण बोलायचं नाही. तिचं घर, तिचा सण. चारचौघींत तिचा पाणउतारा नको. तिचं तिलाच कळेल. किती सभ्य विचार होता! मला अजूनही माझ्या सभ्यपणाची कीव येते.

हळदीकुंकवाला घर नुसतं काळ्या साड्यांनी भरलं होतं. खाली मरीनात पांढऱ्या बोटी, वर काळ्या चंद्रकळा. मेधाने हलव्याचे दागिने घातलेले, सुंदर दिसत होती पोरगी. मला गुडघ्यामुळे बाल्कनीच्या दाराजवळची उंच खुर्ची दिली. मी काठी दोन्ही गुडघ्यांमध्ये उभी धरून बसले. झुबेदा शेजारी. ती दरवर्षी येते, तिला कुंकवाऐवजी अत्तर लावतात.

ग्रेस चहा घेऊन आली. पहिली म्हणाली, बिनसाखरेचा. दुसरी म्हणाली, बिनसाखरेचा. तिसरी, चौथी. तिळगुळाची वाटी फिरली ती भरलेलीच परत गेली. माझी छाती फुगली. मनात मी इंग्लंडातल्या गल्ल्या फिरत होते.

मेधा हसायला लागली. "काय गं, सगळ्याच डाएटवर? टीचर, तुमचीही शुगर वाढली? आधी सांगायचं नाही का!" ती आत गेली आणि चांदीच्या वाटीत साखरेच्या ऐवजी घालायच्या त्या गोळ्या घेऊन आली. "घ्या. मी तयारीत असते."

इंग्लंडात तेव्हा ही गोळी निघालेली नव्हती, म्हणून चळवळ टिकली.

झुबेदा माझ्या कानात म्हणाली, "घाल आता दोन गोळ्या आणि कर क्रांती."

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. कारण न सांगता घातलेला बहिष्कार म्हणजे नुसता फिका चहा. त्या बायकांनी दारोदार जाऊन कारण सांगितलं, हे वाक्य मी प्रत्येक फेरीत हात वर करून म्हणते. आणि इथे मीच सगळ्यांच्या तोंडाला कुलूप लावलेलं. एकीने गोळी घातली. दुसरीने तिळगूळही उचलला. मेधा कोयरी घेऊन माझ्याकडे यायला निघाली, सगळ्यांत मोठी म्हणून पहिलं कुंकू मला.

तेव्हा ग्रेसने हातातला ट्रे टेबलावर ठेवला. एप्रनला हात पुसले. सरळ माझ्याकडे आली आणि माझ्या हातांच्या वर, दोन्ही हातांनी काठी धरली.

मला वाटलं मला उठवायला आलीय. म्हटलं, "थांब गं, अजून कुंकू व्हायचंय."

ती हलली नाही. मग मला तिच्या हाताच्या शिरा दिसल्या.

"मॅडम," ग्रेस म्हणाली, "माझा पासपोर्ट द्या. मला घरी जायचंय."

स्वच्छ मराठीत. सासूबाईंच्या आवाजात.

मेधा कोयरी घेऊन तिथेच उभी राहिली. "ग्रेस, आत्ता? पाहुणे आहेत ना. आपण नंतर बोलू."

"नंतर नाही, मॅडम."

"अगं, असं काय करतेस?" मेधाने आजूबाजूला पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. माझ्या तोंडात सगळं भाषण तयार होतं, बेटापासून बंदरापर्यंत, एवढ्या वर्षांची मास्तरकी जिभेवर येऊन बसली होती. मी ती गिळली. खांबाने बोलायचं नसतं.

मेधाने टेबलावरून एक तिळाचा लाडू उचलला. आवाज अगदी मऊ केला, आणि तो खोटा नव्हता. "अगं, तुलाच द्यायचा राहिला बघ. घे आधी. संक्रांत आहे ना आज. तिळगूळ घे."

हात पुढे. लाडू ग्रेसच्या बोटांपासून वीतभरावर. आपल्यात कोणी तिळगूळ पुढे केला तर हात आपोआप पुढे जातो, त्याला विचार लागत नाही. ग्रेस दोन वर्षं ह्या घरात राहिलेली. तिचा उजवा हात काठीवर थोडा सैल झाला, ते माझ्या बोटांना कळलं.

कोपऱ्यातून इरा ओरडली, "ममा! दॅट्स द डेट्स! डोंट डू द डेट्स!"

"डोंट लेट गो, ग्रेस!" ही मीरा.

हात परत आवळला. खेळातला तो खजूर मेधाला काय माहीत, तिला काही कळेना. पण खोलीतल्या बऱ्याच जणींना मी कधी ना कधी त्या फेरीला ओढून नेलेलं होतं. त्यांना कळलं. गोळी घातलेला कप आधी खाली ठेवला गेला, मग शेजारचा, मग पलीकडचा. बशांचा आवाज होत गेला. जिने तिळगूळ उचलला होता तिने तो परत वाटीत ठेवला.

आणि झुबेदा बोलली. मी बंदी घातलेलं सगळं एका दमात. "मेधा, बाय माझी, शुगर कोणाला नाय झालेली. ह्या पोरीच्या पासपोर्टासाठी फिकी पितोय आम्ही. दे तिचा तिला."

मेधा उभीच होती. हाताच्या उबेने लाडू तिच्या तळव्याला चिकटायला लागला होता. तिने मुलींकडे पाहिलं. त्या दोघी तिच्याकडे अशा बघत होत्या, की तसं आपल्या लेकरांनी आपल्याकडे कधी बघू नये.

ती आत गेली. ड्रॉवर ओढल्याचा आवाज आला.

बाहेर आली तेव्हा तिच्या हातात निळा पासपोर्ट होता. हळदीने भरलेला तिचा अंगठा त्यावर पिवळा उमटलेला. तिने तो पुढे केला. ग्रेसने मग काठी सोडली, दोन्ही हातांनी पासपोर्ट घेतला, उघडून आपला फोटो पाहिला आणि एप्रनच्या खिशात ठेवला.

"थँक यू, मॅडम," म्हणाली. आणि मेधाच्या हातातला लाडूही घेतला.

कुंकू मला सगळ्यांत शेवटी लागलं. मेधा खाली वाकून म्हणाली, "मला एकटीला सांगायचं होतं, टीचर."

"सांगितलं होतं गं."

"हो," ती म्हणाली, आणि पुढे झुबेदाला अत्तर लावायला गेली. मागितलं तेव्हाच तिने दिलं असतं तर ह्या लेखात तिचं नावही आलं नसतं. आणि वर्गात मी तिला ते दोन मार्क इतक्या सहज दिले नसते तर, कोण जाणे. तिचं खरं नाव मी इथे लिहिलेलं नाही, हे वेगळं सांगायला नको.

ग्रेस दारातून गेली. बॅग घेऊन, टाटा करून. विमानतळावर मेधानेच सोडलं तिला, मुलींना घेऊन. तिघी रडल्या असं ग्रेसने कळवलं आणि पुढे लिहिलं, "मी नाही रडले. विमानात रडले." बालवाडी वेळेत उघडली. तिथली पोरं दाराशी रांगेत उभी राहून फोटोत दात दाखवतात. सगळ्यांना "अगं बाई" म्हणता येतं.

त्या आठवड्यात आमच्या ओळखीत बरेच ड्रॉवर उघडले, असं झुबेदा सांगते. सगळे उघडले असं ती म्हणत नाही.

मेधा माझ्याशी बोलते, जेवढ्यास तेवढं. मला त्याचं वाईट वाटतं, रोज नाही, पण वाटतं. यंदाच्या संक्रांतीचं बोलावणं येतं का ते बघायचं. आलं तर जाणार, आणि साखर घालून पिणार. न आलं तरी मी माझं काही मागे घेणार नाही.

परवाच्या मंगळवारी एका शाळेची पोरं आली होती. नेहमीसारखी काठीसाठी मारामारी, खजूर, आरडाओरडा. ती पुढच्या खोलीत पळाली, त्यांच्या बाई त्यांच्यामागे. मी काठी उचलणार तेवढ्यात लक्षात आलं, एक बाई मागेच राहिली आहे. अंगात कुठल्या तरी घरी कामाला असणाऱ्या बाईचा युनिफॉर्म, कडेवर कुणाचं तरी झोपलेलं बाळ. तिने आजूबाजूला पाहिलं. मग बाळ खांद्यावर नीट घेतलं आणि मोकळा हात हळूच काठीवर ठेवला. फक्त ठेवला.

पुढच्या खोलीतून हाका येत होत्या, "गाईड आजी! गाईड आजी!"

येऊ देत. मी काठी जमिनीवर घट्ट टेकवली आणि तिला विचारलं, "नाव काय बेटा तुझं?"